क्वीन पामचं बी आणि साठवलेलं पाणी

समुद्रापलीकडून बी आणणं हे माणसाच्या प्रवासाचं सर्वांत जुनं आणि सर्वांत उदात्त कारण आहे. राज्यं आली आणि गेली, बी मात्र गलबतातून, गोणीतून, कुणाच्या तरी कनवटीतून पुढे जात राहिलं. आम्ही सिंगापूरला गेलो ते मुलीच्या बाळंतपणाला.

बियांचं काम मागाहून गळ्यात पडलं. आमचे व्याही आबासाहेब यांची निफाडकडे द्राक्षबाग आहे. बागेला लागून त्यांनी पर्यटकांसाठी काही खोल्या बांधल्या आहेत. खोल्या साध्या आहेत, कमान साधी नाही. कमानीपासून खोल्यांपर्यंत जो मुरमाचा रस्ता जातो त्याला आबासाहेब राजमार्ग म्हणतात. या राजमार्गाच्या दोन्ही बाजूंना त्यांनी दोनदा बॉटल पाम लावले आणि दोन्ही वेळा निफाडच्या थंडीनं ते पेंढ्यासारखे करून टाकले. द्राक्षं वाचवायला ते बागेत शेकोट्या पेटवतात. पामसाठीही पेटवणार होते, पण गड्यांनी आधी द्राक्षं, मग शोभा, असं तोंडावर सांगितलं.

मग त्यांना फोनवर कुठलासा व्हिडिओ सापडला. त्यात क्वीन पामचा एक थंडी सोसणारा वाण होता. त्याची मूळ झाडं ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत गोठलेल्या दहिवरातही उभी राहतात, असं सांगणारा एक उत्साही माणूस होता. त्याच आठवड्यात आमचे जावई निखिल यांनी घरी फोनवर सहज सांगितलं, की ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांकडे सिंगापुरात याच वाणाची झाडं आहेत आणि त्यांना फळं लागली आहेत. आबासाहेबांनी मला फोन केला. "मास्तर, आपण जातच आहात," एवढंच म्हणाले. मुलीच्या सासऱ्यांनी मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणायची रीत आमच्याकडे अजून निघालेली नाही.

मी मनमाडच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. इतिहासात माणसं फार धाडसी असतात. मी नाही. विमानतळावर उतरल्यावर कशाकशाला बंदी आहे आणि कशाकशाला शिक्षा आहे, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं आणि आमच्या बॅगेत तर अळीव, डिंक, बाळंतशेपा, सुंठ आणि एक ओळखू न येणारी तपकिरी पूड होती. माझी पत्नी शुभा ती पूड कशाची आहे हे मलासुद्धा सांगायला तयार नव्हती. कस्टमच्या हिरव्या वाटेनं चालत जायचं की लाल वाटेनं थांबायचं, यावर मी लाल म्हटलं. तिथल्या अधिकाऱ्यानं बॅग उघडली, वास घेतला, बंद केली आणि जायला सांगितलं. त्या रांगेत घाबरलेला माणूस मी एकटाच होतो, त्यामुळे संशयास्पदही मी एकटाच दिसत होतो.

चोआ चू कांग

आमची सई आणि निखिल शहराच्या पश्चिम टोकाला, चोआ चू कांगमध्ये सरकारी इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहतात. इमारती उंच, एकसारख्या, अंगावर मोठे आकडे रंगवलेल्या. मी दोनदा चुकून शेजारच्या इमारतीत गेलो आणि आपल्याच मजल्यावरच्या आपल्याच जागेच्या दारावरची घंटा वाजवली. दोन्ही वेळा एकाच चिनी आजींनी दार उघडलं. दुसऱ्या वेळी त्यांनी न बोलता खिडकीतून पलीकडच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

स्वयंपाकघराच्या मागे कपडे धुण्या-वाळवण्याची छोटीशी जागा असते. वॉशिंग मशीन तिथे, कपड्यांचे बांबू तिथे. शुभानं पहिल्या दिवशी सकाळी तिथे तीन बादल्या आणि एक पातेलं पाणी भरून ठेवलं. आमच्या मनमाडला नळाला पाणी आठवड्याआड, पंधरवड्याआड येतं. पाणी आलं की घरातलं सगळं भरायचं, मग बसायचं, हे आमच्या हातांत इतकं मुरलं आहे की त्यासाठी डोकं लागत नाही.

सई म्हणाली, "आई, इथे पाणी जात नाही."

"आज नाही जात," शुभा म्हणाली.

सईचे दिवस भरत आले होते. ती भिंतीला हात लावून चालायची आणि आम्ही दोघं तिच्या मागेपुढे उगीचच दोन्ही हात अर्धे पसरून फिरायचो, पडलीच तर झेलायला. शुभाचा बेत ठरलेला होता: बाळंतपणानंतर सव्वा महिना शेक, तेल, धुरी, शेपूची भाजी. शेपूसाठी आम्ही एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, लिटल इंडियाच्या बाजारात जाऊन आलो. भाजी ताजी होती, पण तिथल्या तमिळ बाईंनी शुभाला ती कशी शिजवायची हे शिकवायला घेतलं, तेव्हा प्रकरण जरा ताणलं गेलं. धुरीबद्दल निखिलनं छताकडे बोट दाखवून सांगितलं, की धूर झाला तर अलार्म वाजेल. शुभानं छताकडे असं पाहिलं, जणू हे यंत्र अजून बाळंतिणीच्या आईला भेटलेलं नाही.

भीती खरी सुरू झाली ती लिफ्टच्या दारात. एका संध्याकाळी खाली उतरलो तर तिथे मोठा लाल फलक लागलेला. डासाचं चित्र. निखिलनं वाचून समजावलं: आसपास डेंग्यूचे रुग्ण सापडले आहेत. लाल म्हणजे जास्त सापडले आहेत. मग त्यानं बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंड्यांखालच्या ताटल्या उचलून टाकल्या, सईला हातापायांना लावायचं मलम आणलं, आणि दर तासाला ते लावलं की नाही हे विचारू लागला. गरोदरपणाच्या शेवटी डेंग्यू झाला तर काय होतं, हे मी त्याला विचारलं नाही. मी फोनवर वाचलं. ते वाचायला नको होतं. बाळंतपणात रक्त थांबत नाही, एवढं एकच वाक्य डोक्यात राहिलं आणि पुढचे कितीतरी दिवस ते माझ्याबरोबरच उठलं, जेवलं, झोपलं.

बुकित तिमाह

निखिलच्या सहकाऱ्याचे वडील डॉक्टर लिम निवृत्त दंतवैद्य. बुकित तिमाहच्या श्रीमंत टेकाडावर त्यांचं घर आहे, मागे बाग. त्या बागेत त्यांनी जगातले पाम जमवले आहेत आणि ते पाहुण्याला प्रत्येक पामसमोर उभं करून त्याची वंशावळ ऐकवतात. मी इतिहास शिकवायचो तेव्हा पोरं कशी उभी राहत असतील याची मला प्रथमच कल्पना आली.

क्वीन पामची चार झाडं कुंपणाजवळ होती. खोड राखाडी, गुळगुळीत, कड्यांच्या खुणांचं; वर पिसांसारखी झुबकेदार पानं; आणि त्यांच्या खाली नारिंगी फळांचे लोंबते घोस, आपल्या शिंदीच्या घोसासारखे पण जरा थोराड. ही झाडं त्यांनी डोंगरातून मागवलेल्या बियांपासून वाढवली होती. बियांबरोबर त्या डोंगरातल्या दहिवराचे फोटोसुद्धा आले होते, ते त्यांनी चौकटीत लावून बैठकीत टांगले होते. मी विचारलं, या झाडांनी इथे कधी थंडी पाहिली आहे का? डॉक्टर लिमनी घराच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, आमच्या बेडरूमचा एसी या बाजूला आहे.

त्यांनी मलाही एक प्रश्न विचारला: तुमच्याकडे किती थंडी पडते? मी सांगितलं, फार झालं तर शून्याच्या आसपास, तीही एखाद्या पहाटे. ते हसले. "धिस मच कोल्ड, ऑर्डिनरी क्वीन ऑल्सो कॅन, लाह." म्हणजे साधा क्वीन पामही एवढी थंडी सोसतो, वेगळा वाण कशाला. मी बाहेर येऊन आबासाहेबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "साधं नको, मास्तर."

तेव्हा फळं घेतली. एक पिशवीभर, पिकलेली, चिकट. डॉक्टर लिमनी एक फळ सोलून आतली बी मला दाखवली. टणक, लहान नारळासारखी, आणि एका टोकाला नारळासारखेच तीन डोळे. हे दाखवताना त्यांनी बी डाव्या हातात धरून उजव्या हातातल्या छोट्या आरशानं खालून प्रकाश टाकला. सवय. मग कृती सांगितली. गर ठेवायचा नाही, गराला बुरशी येते. फळं पाण्यात भिजत घालायची, तीन-चार दिवसांत गर सडून सुटतो, मग चोळून धुवायची. तरंगतील ती फेकायची, बुडतील ती ठेवायची. नंतर ओलसर काथ्याच्या भुश्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून उबेत ठेवायची. थंडी सोसणाऱ्या झाडाला उगवायला मात्र उकाडा लागतो, दोन-तीन महिने सतत. काही बिया रुसतात आणि सहा महिने बसून राहतात.

"पाणी रोज बदलायचं," ते इंग्रजीत म्हणाले. "बदललेलं फेकायचं. इथे पाणी ठेवायचं नसतं, मिस्टर दिनकर. ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे, मी म्हणालो.

बी भारतात न्यायचं तर परवाना लागतो, बी निरोगी असल्याचा सिंगापूरचा दाखला लागतो, आणि बियांवर गराचा कणही चालत नाही. परवान्याचं काम आबासाहेबांच्या ओळखीच्या एका नर्सरीवाल्याकडे दिलेलं होतं. आबासाहेबांचं स्वतःचं मत असं, की मूठभर बी खिशात घालून आणायला दाखला कसला. त्यांना मी ठामपणे नाही म्हणालो. आयुष्यात व्याह्यांना दिलेला हा पहिला नकार, आणि त्याचं श्रेय संपूर्णपणे माझ्या भित्रेपणाला आहे.

येताना डॉक्टर लिमच्या पत्नींनी शुभासाठी आल्याचा एक मोठा गड्डा दिला. त्यांच्यात बाळंतिणीला महिनाभर आलं खाऊ घालतात, वारा लागू देत नाहीत, केस धुवू देत नाहीत. हे ऐकून शुभाला त्या देशाबद्दल प्रथमच थोडा विश्वास वाटला.

वॉशिंग मशीनच्या मागे

फळं मी मागच्या जागेत बादलीत भिजत घातली आणि वर फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी पाणी बदललं. नारिंगी, दाट, फणसाच्या आसपास जाणारा वास. मी बादली मोरीकडे नेली आणि हात थांबला.

साठ-बासष्ट वर्षं पाणी फेकलेलं नाही. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला जातं, कपड्याचं पाणी अंगणात, अंगणातलं पुन्हा कुठेतरी. हे तर फळाचं पाणी, खतासारखं. सईच्या कढीपत्त्याला उपयोगी पडेल. रंगाचा एक रिकामा डबा मशीनच्या मागे पडला होता, त्यात ते ओतलं. तिसऱ्या दिवशीचंही ओतलं. कढीपत्त्याला घालायचं रोज मनात यायचं, पण मग कुंडीखाली ताटली नाही, पाणी खालच्या मजल्यावर गळेल, तक्रार होईल, ही दुसरी भीती आड यायची. डबा भरत गेला. बी साफ झालं, चोळलं, बुडणारं वेगळं केलं, काथ्यात घालून पिशवी फ्रिजवर ठेवली. नंतर सईला एकदा कळा आल्यासारखं झालं, आम्ही हॉस्पिटलला धावलो, खोट्या निघाल्या, परत आलो. या सगळ्यात मी डबा विसरलो.

मग एका सकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च. डासांची तपासणी. फार नम्र होती, आणि मला भीती वाटली ती त्या नम्रतेचीच. तिनं संडासाची टाकी पाहिली, फुलदाणी पाहिली, शुभाच्या बादल्यांत टॉर्च मारला. शुभाच्या बादल्या रोज वापरल्या जायच्या, त्यांत काही नव्हतं. "आंटी, डोन्ट कीप, लाह," एवढंच ती म्हणाली. मग वाकून मशीनच्या मागे टॉर्च मारला.

तिनं मला जवळ बोलावलं. मी वाकलो. पाण्याच्या वरच्या थरात बारीक, काळसर काहीतरी वळवळत होतं. उजेड पडला की खाली जात होतं, पुन्हा वर येत होतं. तिनं ड्रॉपरनं त्यातलं थोडं एका नळीत घेतलं आणि हे पाणी कुणाचं, असं विचारलं.

माझं, मी म्हणालो. मनमाडचं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं इंग्रजी मला येत होतं, पण कारण मात्र नव्हतं.

सई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एक हात पोटावर. ती फक्त "बाबा" म्हणाली. त्यात रागही नव्हता.

मुलीनं डबा माझ्यासमोर रिकामा केला, नोंद केली, परत येऊन पाहीन म्हणाली आणि चप्पल घालताना सईला इंग्रजीत विचारलं, बाळ कधी येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सईला ताप होता.

हॉस्पिटल

रक्ताची तपासणी त्याच दिवशी झाली. डेंग्यू. तिला ठेवून घेतलं.

मला प्रवासवर्णनात इथे काहीतरी लिहायला हवं: काचेच्या भिंती, गालिचा, लिफ्टमधला सुवासिक थंडावा. मला त्यातलं काही दिसलं नाही. मला प्रतीक्षागृहातल्या खुर्चीचा हात आठवतो, कारण मी तो धरून होतो. निखिल खाली जाऊन माझ्यासाठी कोपी घेऊन आला. ती कॉफी इथे पेल्याऐवजी दोरी लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतही देतात, त्यानं तशीच आणली होती. ती पिशवी कुठे ठेवायची ते मला कळेना, तशीच हातात धरून बसलो. तो समोर न बसता शेजारी बसला.

"पाणी का ठेवलंत, बाबा?"

मी कोपीच्या पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी आबासाहेबांचा फोन आला. बियांना कोंब फुटले का, परवाना आता येतोच आहे, दोन्ही बाजूंना मिळून किती खड्डे घ्यायचे, असं त्यांचं चाललं होतं. निखिलनं त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. फळं, पाणी, डबा, टॉर्च, ताप. सगळं, क्रमानं, वर्गात सांगावं तसं. फोन तुटला असं मला वाटलं.

मग ते म्हणाले, "माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली, मास्तर. मी गाडी जुंपत होतो." आणि थोड्या वेळानं, "बी फेकून द्या. डॉक्टर काय म्हणतात ते शब्द न गाळता मला सांगत जा. मी घाबरेन म्हणून गाळू नका."

त्या दिवसानंतर ते सारखे फोन करायचे. आवाजातली ती कमान पार ढासळली होती. कधी काही विचारायचेही नाहीत, नुसता फोन धरून बसायचे, आणि पलीकडून बागेतल्या पंपाचा आवाज यायचा.

सईची डॉक्टर तरुण होती, तिच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. तिनं समजावलं, की तापाला घाबरू नका, ताप उतरल्यावरचे दोन दिवस घाबरायचे असतात. त्या वेळी रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट सर्वांत खाली जातात. तोपर्यंत कळा सुरू झाल्या नाहीत तर बरं. म्हणजे बाळानं थांबायला हवं होतं आणि त्याला ते सांगायची काही सोय नव्हती. एका दुपारी सईचा ताप उतरला. कपाळ गार लागलं, तिनं भात मागितला. शुभा आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. डॉक्टर हसली नाही. सवयीनं आयुष्यभर ज्या गोष्टीनं धीर यायचा तीच आता भीतीची झाली होती. सईच्या कपाळावर हात ठेवायचा आणि ते गार लागलं की पुन्हा ठेवून पाहायचा.

मी शेवटी त्या डॉक्टरला विचारलंच. माझ्या डब्यातल्या अळ्यांमुळे हे झालं का? तिनं कधी पाणी ठेवलं, कधी अळ्या सापडल्या, कधी ताप आला, हे विचारलं. मग शांतपणे म्हणाली, "अंकल, लार्वा कॅनॉट बाइट." अळी चावत नाही. जो डास चावला तो त्याआधीच उडत होता. नंतर तपासणीवाल्या ऑफिसातून निखिलला फोन आला. त्या नळीतल्या अळ्या डेंग्यूच्या डासाच्या नव्हत्या, साध्या डासाच्या होत्या. सडक्या पाण्यात साधा डास येतो. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ पाणी आवडतं. पाणी साठवल्याचा दंड मात्र भरावा लागेल, कारण डास तो डासच.

निखिलनं हे सगळं मला सांगितलं तेव्हा माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मग मी शुभाकडे पाहिलं.

ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. स्वच्छ पाणी, एवढेच शब्द तिनं ऐकले होते. मी म्हणालो, त्या मुलीनं तुझ्या बादल्या पाहिल्या, काही नव्हतं त्यात.

"त्या दिवशी नव्हतं," शुभा म्हणाली.

तू रोज वापरायचीस ते पाणी, मी म्हणालो. रोज उपसलेल्या पाण्यात डास होत नाही. तो लाल फलक लागला तेव्हा बाहेर किती तरी जण आजारी होते. मी बोलत राहिलो. मला ठाऊक होतं की मी खरं बोलतोय, आणि तिलाही ते ठाऊक होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं तिन्ही बादल्या आणि पातेलं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ती मोरीत उभी होती. नळ सोडला होता, हात त्याखाली धरला होता, आणि पाणी येतंय की नाही याची वाट बघावी तशी ती बघत होती. पाणी येत होतं.

प्लेटलेट आधी खाली गेल्या, मग तिथेच रेंगाळल्या, मग वर चढू लागल्या. रोज सकाळी रक्त, दुपारी आकडा. आकडा निखिल वाचायचा, मी वाचायचो नाही. मी त्याच्या खांद्यांकडे बघायचो. एका दुपारी त्याचे खांदे खाली आले. सईला घरी पाठवलं. बाळ थांबलं होतं.

बियांचं राहिलं. फेकून द्या म्हणाले होते खरे, पण फेकायला माझा हात धजावला नाही, हे एव्हाना वाचकाला नवीन वाटू नये. पिशवी मी डॉक्टर लिमना नेऊन दिली. फ्रिजवरून ती उचलताना मला तिचीही भीती वाटत होती. त्यांनी पिशवी उघडून वास घेतला, पाण्याचं काय झालं ते ऐकलं, आणि कुणालाही न ओरडता ती आपल्या गरम पाण्याच्या टाकीवर ठेवली. पुढचं आत्ताच सांगून टाकतो: आम्ही परत आल्यावर त्यांनी फोटो पाठवला, काही बियांना कोंब आले आहेत. क्वीन पामचं रोप पहिल्यांदा नुसतं एक हिरवं पातं असतं. आबासाहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि यातलं गवत कुठलं आणि पाम कुठला, असं विचारलं. परवाना अजून आलेला नाही. राजमार्गावर सध्या त्यांनी झेंडू लावला आहे.

पुन्हा हॉस्पिटल

खऱ्या कळा आल्या त्या दिवशी आभाळ गच्च भरलं होतं. रस्त्यात टॅक्सीवाल्यानं आम्हाला दिलासा द्यायला स्वतःच्या तीन मुलांच्या जन्माच्या हकिगती सांगितल्या. त्यांतल्या दोन ऐकायला नको होत्या. हॉस्पिटलात पुन्हा रक्त घेतलं गेलं. आकडा चांगला आहे, डॉक्टर म्हणाली. चांगला म्हणजे किती चांगला, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं, शुभानं माझा दंड धरला. मग दार बंद झालं. शुभा आत, मी बाहेर. निखिल आत. फोनवर आबासाहेब, न बोलता.

रक्त थांबत नाही, ते वाक्य माझ्याशेजारी येऊन बसलं. मी त्याच्याशी बोललो नाही. मी भिंतीवरचं हात कसे धुवावेत हे सांगणारं चित्र पाहिलं. ते पुन्हा पाहिलं. बाहेर पाऊस सुरू झाला, इथला दुपारचा पाऊस, दोन्ही हातांनी ओतावा तसा. फोनमधून आबासाहेबांनी विचारलं, "हा कसला आवाज?" मी म्हणालो, पाऊस. ते म्हणाले, बरं.

दार उघडलं तेव्हा शुभा आली. तिचा चेहरा ओला होता आणि तिला बोलता येत नव्हतं. तो एक क्षण मी लिहिणार नाही. मग ती म्हणाली, "मुलगी. दोघी ठीक आहेत."

मी आबासाहेबांना सांगितलं. पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, बहुतेक फोनच. मग त्यांचा आवाज आला, दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होते, मोटार बंद कर, मोटार बंद कर, ऐकू येत नाही.

थोड्या वेळानं मला आत जाऊ दिलं. सई झोपेच्या काठावर होती, पांढरीफटक पण डोळे उघडे. मला पाहून तिनं बोटं हलवली. कोपऱ्यात नर्सच्या हातात कपड्यात गुंडाळलेली ती होती. तिचे डोळे उघडले, काळे, ओले, आणि ती सरळ माझ्याकडे बघू लागली. पापणी न हलवता. त्या नजरेत मला असं वाटलं, की हे सगळं तिला कळलं आहे, डबा, टॉर्च, खुर्चीचा हात, ते वाक्य, आणि तिनं ते ऐकून घेतलं आहे आणि माझ्यावर तिचा काही राग नाही. माझ्या डोळ्यांपुढे खोली पुसट झाली. मी नर्सला म्हणालो, ती मला बघते आहे.

नर्सनं सांगितलं, की या वयात बाळांना वीत-दीड वीत अंतरापलीकडचं काही दिसत नाही. मी दाराशी उभा होतो.